दुसरा घण

दसरा होऊन गेला की पेणच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानांबाहेर विळ्यांचे जुडगे टांगलेले दिसू लागतात. एकसारखी पाती, एकसारख्या मुठी, पात्यावर कसलासा शिक्का. वारा सुटला की ती पाती एकमेकांवर आपटून पत्र्यासारखी वाजतात. शाळेत शिकवून मी घरी जाते ती याच रस्त्यानं. पण या दिवसांत पलीकडची बाजू धरते. कुणी विचारलं तर ऊन लागतं म्हणून सांगते.

हे ऊनही मोठं चमत्कारिक असतं. पाऊस नुकता गेलेला, जमीन अजून ओली, आणि वरून आश्विनाचं ऊन तिला शिजवत असतं. रोह्याकडे निघालं की कासू-नागोठण्याच्या पुढे दोन्ही अंगांना भात पिवळं पडलेलं दिसतं. दुपारी त्या शेतांवर अशी काही शांतता उतरते की आपणच आपल्या पावलांचा आवाज करायला कचरतो. पाखरू नाही, माणूस नाही, नुसता पिकल्या भाताचा गरम वास. वाऱ्यानं तोंड फिरवलं तर त्यात धाटावच्या कंपन्यांचा आंबूस वास मिसळतो. लहानपणी आम्हांला अंधाराची भीती कुणी घातली नाही; घातली ती या दुपारची. भर दुपारी शेतातून कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, असं आई बजावून सांगायची.

आई स्वतः हाका मारणाऱ्यांतली नव्हती. तिचा आवाज गावानं फारसा ऐकला नाही. गावानं ऐकला तो तिचा घण.

आमचं लोहाराचं घर. रोह्यापासून आत, डोंगराच्या अंगाला गाव, आणि घराला चिकटून पत्र्याची भट्टी. भट्टीला एकच खिडकी होती आणि तिच्यावर बाराही महिने गोणपाट टांगलेलं असायचं. उजेडात लोखंडाचा रंग खरा दिसत नाही, म्हणून आत काळोख लागतो. त्या काळोखात बाबा निखाऱ्यांपाशी बसायचे. डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात लहानशी हातोडी. समोर ऐरणीच्या पलीकडे आई, कासोटा मारून उभी, हातात घण. पाहुण्यारावळ्यांना याचं हसू यायचं. पुरुष बसलेला, हातात खेळण्यासारखी हातोडी, आणि बाई घणाचे घाव घालतेय. पण आमच्यात असंच. लोखंड ज्याच्या सांडशीत आहे त्याचा हात आणि नजर हलता कामा नये.

लाल झालेलं लोखंड ऐरणीवर आलं की बाबा हातोडीनं एका जागी टिण करून वाजवायचे. ती खूण. तिथंच आईचा घण पडायचा. घण वर जाईस्तोवर बाबांनी लोखंड जरासं पुढे सरकवलेलं असायचं, की पुन्हा टिण. हातोडी जोरात वाजली तर घाव जोरात, नुसती टेकवली तर घावही टेकवल्यासारखा. टिण, धप्प. टिण, धप्प. मी जन्मायच्या आधीपासून ते ऐकत असले पाहिजे, कारण दिवस भरत आले तरी आईनं घण सोडला नव्हता म्हणतात. घरात ती दोघं कामापुरतं बोलायची. ‘मीठ आण’, ‘कोळसा संपला’, एवढंच. मोठी होईपर्यंत मला वाटायचं, सगळ्याच नवरा-बायकोंचं बोलणं भट्टीत उरकत असेल.

विळ्याला आमच्याकडे इला म्हणतात. जुन्या ट्रकचा पाटा तोडून त्याचं पोलाद घ्यायचं, तापवून लांबवायचं, वळवायचं, कानशीनं बारीक दाते काढायचे, आणि शेवटी पाणी द्यायचं. हे पाणी देणं बाबा कुणाला बघू देत नसत असं गावात बोललं जाई. ते खरं नव्हतं. मी कितीदा बघितलंय. पातं पिकल्या रातांब्याच्या लाल रंगाला आलं की चर्रकन पाण्यात. मग पुन्हा हलकी धग. धग लागत गेली की पात्यावर एक रंग चढत जातो. तो पिकल्या भाताच्या रंगाला आला की बाबा थांबायचे. भात कापायच्या पात्याला भाताचाच रंग. तो जांभळा होऊ दिला तर धार मऊ पडते. त्या क्षणी बाबा श्वास घेत नसत, आणि आईही.

पुढे भट्टीचं काम हळूहळू सुटत गेलं, अंगात जुना सदरा सैल होत जावा तसं. काही शेतं विकली गेली, काही पडीक राहिली. सखल भागात कापणीचं मशीन येऊ लागलं. सकाळी उभं असलेलं शेत दुपारपर्यंत भुईसपाट. दुकानातला विळा बिघडला तर लोक फेकून नवा आणू लागले. माझा धाकटा भाऊ सुनील धाटावला एका कंपनीत लागला आणि रोह्याच्या नदीपलीकडे अष्टमी गावात खोली घेऊन राहिला. मी शिकले, पेणला आले. आम्ही दोघांनीही भट्टी सोडली म्हणून बाबा कधी रागावले नाहीत. रागावण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. आई होती. ती असेपर्यंत भट्टी चालणार, एवढं साधं गणित.

मग एका वर्षी श्रावणात आई गेली. तापाचं निमित्त झालं.

दिवस-कार्य झालं, आम्ही आपापल्या घरी आलो. बाबांना सुनील न्यायला तयार होता, पण ते म्हणाले, भात कापून होऊ दे. आमचं एवढंसंही भात नाही. तरी ते तसं म्हणाले. भट्टी बंद होती. गणपती गेले, पितृपक्ष गेला. मग एके दिवशी शेजारच्या आळीतली हिराबाय आपला जुना इला घेऊन आली. वय झालेली बाई, आईची घणाइतकीच जुनी ओळख. इला भट्टीच्या उंबऱ्यावर ठेवला आणि गेली. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी आणखी इले. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. उंबऱ्यावर विळ्यांची ओळ लागली, सगळी टोकं आतल्या बाजूला. बाबांनी निखारे घातले.

हे मला कळलं ते सुनीलच्या फोनवरून. मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. भट्टी चालू झाली हे ऐकून मला बरंच वाटलं. माणूस हाताला काम लावतो तेव्हा सावरतो. पण सुनीलच्या आवाजात काहीतरी निराळं होतं. तो म्हणाला, गावातले लोक दुपारी आपल्या आळीतून जायचं टाळतात. हिराबायनं भुताखेताचं बघणाऱ्या कुणाला तरी आणायचं काढलंय. मी विचारलं, का? तो म्हणाला, “तायडे, बाबा एकटा हाय ना आत. लोकांना घण ऐकू येतो.”

दिवाळीच्या सुट्टीचा पहिलाच दिवस होता. बाबांना अष्टमीला घेऊन यायचं असं ठरवून मी गावात उतरले. आळीच्या तोंडाशी हिराबाय उभी होती. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, “हाक मारून आत जा गो. एकदम नको जाव.”

मी हाक मारली नाही. दारात उभी राहिले.

आत तोच काळोख, तेच निखारे. बाबांनी सांडशीतलं लोखंड ऐरणीवर घेतलं. टिण. मग त्यांनी वाट पाहिली, घण वर जाऊन खाली यायला जेवढा वेळ लागतो तेवढी. लोखंड सरकवलं. टिण. पुन्हा तेवढीच वाट. लोखंड काळं पडेपर्यंत हे चाललं, मग ते परत निखाऱ्यात गेलं. बाबांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, वेड नव्हतं. काम करताना असायचा तसाच तो चेहरा होता. भीती वाटली ती त्याचीच.

भिंतीला तयार झालेले इले टांगलेले होते. मी एक काढून पाहिला. हातोडीच्या ठोक्यांची खूण माशाच्या खवल्यांसारखी बारीक बारीक उमटते; घणाची खूण रुंद असते, अंगठा सरळ घसरत जातो. मी पात्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. तो कुठंही अडला नाही. मी बाबांना विचारलं, हे कुणी केले? ते म्हणाले, करणार कोण, मीच. त्यांना खोटं बोलता येत नाही, आणि तेव्हाही ते खोटं बोलत नव्हते.

मी त्यांना न्यायला आले होते ते सांगायचं राहूनच गेलं. त्यांनी पुढचं लोखंड बाहेर काढलं, टिण वाजवलं आणि थांबले. तो मधला रिकामा वेळ मला सोसेना. त्याची तुलना कशाशी करू? जेवणाच्या पंगतीत एका पानावर वाढत राहावं आणि त्या पानाशी कुणी बसलेलंच नसावं, तसं काहीसं. कोपऱ्यात घण होता. मी पदर खोचला आणि तो उचलला.

खैराचा दांडा आईच्या हातांनी दोन ठिकाणी झिजून खोलगट झाला होता. माझे हात आपोआप त्या खोलगटात जाऊन बसले. मला बरं वाटायला हवं होतं. पण दांडा कोमट होता. निखाऱ्यांपासून लांब, थंड कोपऱ्यात उभा असलेला घण, आणि दांडा आत्ताच कुणीतरी सोडल्यासारखा कोमट.

माझे पहिले घाव तिरपे लागले. घणाचं पूर्ण तोंड लोखंडावर बसलं नाही की आवाज वर निसटतो. “उडतोय,” बाबा म्हणाले. दुसरं काही नाही. मी इथं कशी, घण का उचलला, काहीही विचारलं नाही. थोड्या वेळानं माझा घाव भरू लागला. खांदे पेटले होते, डोळ्यांत घाम जात होता, पण हातोडी काय म्हणते ते कळत होतं. मला ही भाषा कुणी शिकवली नव्हती. ती मला येत होती.

मग माझ्या ध्यानात आलं. बाबा टिण वाजवत, मी घाव घालत असे, आणि त्यानंतर लगेच पुढचं टिण येत नसे. मध्ये एका घावाची जागा सुटत होती. टिण, माझा घाव, आणि मग काही नाही. टिण, माझा घाव, आणि मग काही नाही. मला वाटलं, माझा हात नवा म्हणून ते थांबतात. पण ते थांबत नव्हते. त्या रिकाम्या ठोक्यानंतरही लोखंड तसंच सरकवत होते, घाव पडल्यावर सरकवतात तसं.

संध्याकाळी हात धुताना मी विचारलं, “मध्ये का थांबता, बाबा?”

“थांबत नाय,” ते म्हणाले. “जागा ठेवतो.”

मी राहिले. सबंध सुट्टी राहिले. बाहेर कापणी तोंडावर आली होती. सकाळी डोंगरावरून धुकं उतरायचं आणि भातावर असं पसरायचं की कणसांचे नुसते शेंडे वर तरंगत दिसायचे. दवानं जड झालेली ती कणसं वारा नसताना हलायची. घरोघरी कंदील लागले होते. आमच्या घरी आईचं वर्ष व्हायचं होतं, म्हणून अंधार. बायका दुरून फराळाचं ताट पाठवायच्या, आणणारी पोर उंबऱ्याबाहेर ठेवून जायची. दिवसभर आम्ही काम करायचो. टिण, माझा घाव, आणि ती जागा.

त्या जागेत मला काय कळत होतं ते मी तेव्हा कुणालाही सांगितलं नाही. पहिल्यांदा ते तळव्यांतून आलं. मी अनवाणी उभी असायचे, आणि घण पडला की जमीन पायांना सांगते. माझ्या घावाला ती सांगायचीच. नंतरच्या रिकाम्या ठोक्यालाही सांगू लागली. मग एकदा त्या रिकाम्या ठोक्याला लोखंडावरची काळी खपली उडताना दिसली. शेवटी कानांनीही ऐकलं. दूरचा वाटावा असा आवाज तो नव्हता. तो माझ्या डाव्या हाताला, अगदी शेजारी होता. मी त्या बाजूला कधी मान वळवली नाही. आईनं ओ देऊ नको म्हणून सांगितलं होतं. बघू नको असं सांगितलं नव्हतं. तरी मी बघितलं नाही. भीती होती, हे खरं आहे. पण त्याहून अधिक ही भीती होती की बघितलं आणि तिथं कुणी नसलं तर?

एका संध्याकाळी सुनील शिफ्ट संपवून मोटारसायकलवर आला आणि भट्टीत न येता परसात जाऊन बसला. मी बाहेर गेले तेव्हा तो कंपनीचे बूट काढून पायाकडे बघत होता. म्हणाला, मघापासून दाराबाहेर उभा होतो. मी म्हटलं, मग आत का नाही आलास? त्यानं बूट बाजूला सारले. “दारातनं तू दिसत होतीस,” तो म्हणाला. “तू पाणी पीत होतीस. तांब्या तुझ्या तोंडाला होता, आणि घण…”

वाक्य तसंच सोडून तो उठला आणि त्यानं चहा ठेवला.

उंबऱ्यावरचा शेवटचा इला झाला तेव्हा सुट्टी संपत आली होती. माणसं येऊन आपापले इले घेऊन गेली. कुणी आत पाऊल टाकलं नाही, पण प्रत्येकानं पातं कपाळाला लावलं. मग कापणी लागली. जिथं मशीन पोचत नाही त्या डोंगरउताराच्या वरकस शेतांतून दिवसभर खस्स खस्स आवाज येत राहिला. मी निघायच्या आदल्या दिवशी हिराबाय बांधावर भेटली. मी विचारलं, इला कसा चालतो? ती सगळ्यांच्या पुढं निघून गेली होती, तरण्या बायका मागं राहिल्या होत्या. तिचा श्वास लागला होता. “चांगला हाय गो,” ती म्हणाली. “पन मी दमते, तो दमत नाय.” त्या हंगामानंतर तिनं तो भिंतीला टांगला. पुढच्या वर्षी रोह्याच्या बाजारातून शिक्क्याचा नवा आणला, आणि त्यानं बोट कापून घेतलं, तरी जुना खाली काढला नाही.

मी हिराबायला भेटले त्याच संध्याकाळी बाबांनी निखारे ओढून बाहेर काढले आणि पाणी मारलं. हातोडी, सांडशी धुऊन पुसून ठेवली. सुनीलला म्हणाले, आता नेतोस तर ने. आम्हांला वाद घालावा लागेल असं वाटत होतं, सुनीलनं तर काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य लागलं नाही. भट्टीला कुलूप लागलं. पुढच्या आश्विनात उंबऱ्यावर कुणी काही ठेवलं नाही.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. बाबा अष्टमीला सुनीलकडे असतात. डोळे जवळजवळ गेलेत. आयुष्यभर आगीत बघितल्याचं हे देणं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत, आम्हीच म्हणतो. दिवसा ते गॅलरीत बसतात. खाली पुलावरून रोह्याकडे जाणाऱ्या गाड्या, कंपनीच्या बस. कुठली बस कुठल्या शिफ्टची ते त्यांना आवाजावरून कळतं.

यंदा दिवाळीला मी गेले होते. जेवणं झाल्यावर सुनीलनं मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. जपानमधली भट्टी, तलवारी घडवणारे लोहार. पांढऱ्या कपड्यांतला एक म्हातारा निखाऱ्यांपाशी बसलेला, खोलीत मुद्दाम केलेला काळोख. बाबांना चित्र दिसत नव्हतं. त्यांनी मान तिरकी केली आणि ऐकू लागले. टिण, धप्प, धप्प. टिण, धप्प, धप्प. म्हातारा हातोडीनं जागा दाखवत होता आणि समोर उभे असलेले दोन तरुण पाळीपाळीनं लांब दांड्याचे घण घालत होते.

“घणावर दोघं हायत,” बाबा म्हणाले.

सुनील म्हणाला, व्हय, दोघं हायत. मग त्यानं खाली येणाऱ्या ओळी वाचून सांगितल्या. तिथंही आता हे काम थोड्याच लोकांकडे उरलंय, म्हातारे बसलेत, शिकणारी पोरं वर्षानुवर्षं विनापगार राबतात आणि पुष्कळ मधेच सोडून जातात. बाबांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. ते ठोकेच ऐकत होते. व्हिडिओ संपला तसं ते म्हणाले, परत लाव. सुनीलनं परत लावला आणि खाली गाडीचं काहीतरी बघायला गेला.

मी बाबांच्या शेजारी बसले होते. इतक्या वर्षांत आम्ही त्या हंगामाबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. मी विचारलं, “बाबा, तेव्हा तुम्हाला ऐकू यायचा?”

कशाबद्दल विचारतेय ते त्यांना लगेच कळलं. त्यांनी मान हलवली. “नाय,” ते म्हणाले. “एकदा पन नाय. मी जागा ठेवून बघितली. रोज बघितली. मग म्हटलं, ती नाय येत, तर भट्टी कशाला ठेवायची.”

गावानं ऐकलं होतं, सुनीलनं ऐकलं होतं, आणि ज्यानं तिच्यासाठी जागा ठेवली त्या माणसाच्या कानांवर काही पडलं नव्हतं. तो सबंध हंगाम त्यांनी मोकळ्या जागेसमोर काढला होता.

“मला यायचा, बाबा,” मी म्हटलं. “माझ्या डाव्या हाताला. रोज.”

मोबाईलवर ते जपानी घण पडत राहिले. बाबांचा हात खुर्चीच्या दांडीवर होता. बोटं हातोडी धरल्यासारखी वळली होती. मला सांगितल्याचा पस्तावा होऊ लागला. मग त्यांनी तोंड माझ्याकडे केलं, डोळे मात्र माझ्या डाव्या खांद्याच्या पलीकडे.

“कसा पडायचा गो?” त्यांनी विचारलं. “भरलेला, का उडता?”

“भरलेला,” मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि मुठीतली बोटं एकेक करून सोडली.